त्या सिनेमांत मुराळी नसतो

माझ्या घरात यादीशिवाय काही होत नाही. वाण्याची यादी, धोब्याची यादी, गौरी-गणपतीच्या सामानाची यादी. कुठली यादी कुठल्या डब्याखाली ठेवली आहे तेही मला पाठ असतं. मुलं हसतात. हसू देत, ऐन वेळी कापूर संपला म्हणून आमच्याकडे आरती कधी थांबलेली नाही. तर परवा अशीच एक यादी मनात सुरू झाली, आजवर आपल्यावर कुणाकुणाचे उपकार झाले याची. आई, आप्पा, सासूबाई, मला तापातून उठवणारे कॅम्पातले डॉक्टर, अशी माणसं आठवत गेली आणि मध्येच अमेरिकेतले विनोदी प्रेमाचे सिनेमे येऊन बसले. त्यांना उठवून पाहिलं, उठेनात. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं माहेर निपाणीचं. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते आणि वखारीच्या मागच्या अंगालाच आमचं घर. अंगणात बायका तंबाखू निवडायला बसायच्या. आमच्याकडे आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग रामराम करायचा. मराठी सातवीची परीक्षा झाल्यावर दोनेक वर्षांत मला बेळगावात टिळकवाडीला दिलं. नवरा हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर, घरात सासूबाई आणि कॉलेजात जाणारे धाकटे भाऊजी. सासरे नव्हते. सासूबाई उचगावच्या शेतकरी घरातल्या. दोन्ही मुलं त्यांनी एकटीनं वाढवली होती. त्यामुळे घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

तेव्हा नवरा-बायकोनं मोठ्यांदेखत एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. आमच्या घरात ती जरा जास्तच कडक होती. जेवताना यांना पाणी हवं असेल तर हे भिंतीला सांगायचे, "तांब्या रिकामा झालाय वाटतं." मग मी उठायची. मला यांना काही विचारायचं असेल तर मी भाऊजींना सांगायची, "विचारा बरं, भाकरी वाढू का?" भाऊजी मान न वळवता म्हणायचे, "दादा, भाकरी वाढू का विचारतायत." आणि हे, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले, म्हणायचे, "अर्धी सांग." भाऊजी एकदा वैतागून म्हणाले, "मी कॉलेज सोडतो आणि तुमच्या दोघांत तारमास्तर म्हणून लागतो." सासूबाईंनी डोळे वटारले. माझ्या नवऱ्याच्या ओठाचं टोक जरासं हललं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि यांना हसू येतं, ही मला मिळालेली पहिली बातमी ती.

सिनेमा आमच्या आयुष्यात आला तो हेडमास्तरांमुळे. त्यांनी यांना सांगितलं, व्याकरण पक्कं आहे तुमचं, पण उच्चार अगदी पाटीवरचे आहेत, बोलतं इंग्रजी कानावर पडायला हवं. बोलतं इंग्रजी बेळगावात एकाच ठिकाणी मिळायचं, कॅम्पातल्या थेटरात. लढाई चालू होती, कॅम्प गोऱ्या सोल्जरांनी भरला होता आणि त्यांच्यासाठी तिथे इंग्रजी सिनेमे लागत. हे शनिवारी दुपारच्या खेळाला जाऊ लागले. सासूबाईंना ते आवडेना. मुलगा एकटा कॅम्पात जातो, तिथे मडमा फिरतात, सोल्जर पिऊन पडलेले असतात. त्यांनी तोड काढली. "हिला संगं ने," त्या म्हणाल्या. "म्हंजे घर आठवंल नि येळेवर येशील." म्हणजे मला थेटरात धाडलं ते सासूबाईंनीच.

थेटर पत्र्याचं होतं. पुढे सोल्जर, मागे आमच्यासारखे चार-दोन. आम्ही शेवटच्या रांगेत बसायचो, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. कुणी ओळखीचं भेटलंच तर बरं दिसावं म्हणून. त्या खुर्चीवर यांची छत्री आणि माझी पिशवी असायची.

पहिल्या सिनेमातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. माणसं इतकी भरभर बोलत होती की मी नुसती दमून गेले. दुसऱ्यात थोडा अंदाज आला. तिसऱ्यापासून मला इंग्रजीची गरज उरली नाही, कारण तिसरा सिनेमा हा पहिलाच होता, फक्त कुत्रं वेगळं होतं.

एक मुलगी असायची, बहुधा श्रीमंत आणि हट्टी. एक तरुण असायचा, पैसे नसलेला पण तोंडाळ, हॅट डोक्यावर मागे सरकवलेली. पहिल्या भेटीतच दोघांचं भांडण, शक्यतो कुणाच्या तरी अंगावर काहीतरी सांडून. मुलीचं लग्न एका बारीक मिशीच्या सद्गृहस्थाशी आधीच ठरलेलं. या सद्गृहस्थाचं चुकायचं काहीच नाही, फक्त त्याच्याशी बोलताना ती कधी भांडायची नाही, यातच त्याचा निकाल लागलेला असायचा. एक आत्या, तिला ऐकायला कमी. चेहरा न हलवता दार उघडणारा एक नोकर. मध्यंतरानंतर गैरसमज. तो एका वाक्यात मिटला असता, पण ते वाक्य कुणी बोलायचं नाही, टेलिफोन तेवढे आपटायचे. मग तो तरुण एकटाच बसून राहायचा. आपण खुर्चीच्या कडेवर. आणि एकदम तो उठायचा नि निघायचा. गाडीनं, घोड्यावर, कुणाची सायकल हिसकावून, पायात बूट एकच असला तरी. भर मांडवात पोचायचा, सगळ्यांदेखत बोलून टाकायचा, की संपलं. शेवटी ती दोघं जवळ आली की सोल्जर शिट्ट्या मारत, मी पदराचं टोक बघत बसे आणि हे चष्मा पुसायला काढत. दर शनिवारी त्याच क्षणी यांच्या चष्म्याला धूळ लागायची.

नंतरच्या आयुष्यात शहाण्या लोकांनी मला सांगितलं, ते सिनेमे काय, एक पाहिला की सगळे पाहिले. खरं आहे. मग बिघडलं काय? आपल्या ताटात मीठ वर, लिंबू त्याच्या शेजारी, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. पिढ्यान्‌पिढ्या तेच. म्हणून ताटावरून कुणी उठून गेलं नाही. उलट डोळे मिटून हात बरोबर मिठाकडे जातो, यातच बसल्याचं समाधान असतं. त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं, धान्याला रांगा होत्या, वर्तमानपत्र उघडावंसं वाटत नव्हतं. अशा वेळी एका जागी तरी शेवट गोडच होणार, हे तिकीट काढतानाच माहीत असायचं. मी त्या लोकांची तेव्हाही आभारी होते. त्यांनी मला एकदाही फसवलं नाही.

पण खरा सिनेमा संपल्यावर सुरू व्हायचा. कॅम्पातून टिळकवाडीला आम्ही चालत यायचो. घरी बोलायचं नाही, रस्त्यावर नवऱ्याच्या दोन पावलं मागं राहायचं, तरी रस्ता मोकळा असला की बोलता यायचं. रेल्वेचं फाटक बंद असलं तर नशीबच. तिथे शेजारी शेजारी उभं राहायला कुणाची हरकत नव्हती.

"ती त्या मिशीवाल्याशी लग्न करणार नाही, हे तुला मध्यंतरातच कसं कळलं?" यांनी एकदा विचारलं. "तो तर इतकं चांगलं बोलत होता. आणि इंग्रजीत."

"तो आला तेव्हा कुत्र्यानं मान वर केली नाही."

"कुत्र्यानं?"

"कुत्र्याला आवडला नाही तो माणूस. मग ती काय करणार?"

हे रेल्वेफाटकाला टेकून इतके हसले की फाटकवाला बाहेर आला. आणखी एकदा म्हणाले, "तो माणूस मला गाढव वाटतो. शेवटी जायचंच होतं तर आधी का गेला नाही?" मी म्हटलं, "मग सिनेमा मध्यंतरातच संपला असता. तिकिटाचे पैसे परत मागितले असते लोकांनी." अशी आमची ओळख झाली. लग्नात झाली नव्हती ती.

एका दिवाळीपासून पुढच्या आषाढापर्यंत हे चाललं. मग शेजारच्या एका काकूंनी सासूबाईंच्या कानावर घातलं, की मास्तरांची बायको सोल्जरांच्या थेटरात शिट्ट्या ऐकत बसते म्हणे. त्या संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "फुडल्या शनवारपास्नं थेटर बंद. लोकं तोंडाला यील ते बोलतात."

मी यांच्याकडे बघितलं. सरळ बघितलं, सगळ्यांदेखत. मला वाटलं, एक वाक्य बोलतील. आई, मी घेऊन जात होतो तिला, एवढंच. किंवा आई, तूच पाठवलंस. काहीही.

हे भिंतीला म्हणाले, "तांब्या रिकामा झालाय वाटतं."

मी उठले आणि पाणी दिलं. सिनेमा गेल्याचं वाईट वाटलं, पण राग त्याचा नव्हता. सासूबाईंचाही नव्हता, लोक बोलतात तेव्हा त्यांना एकटीला किती ऐकून घ्यावं लागलं होतं ते मला ठाऊक होतं. राग होता तो त्या तांब्याचा.

श्रावणात पंचमीसाठी आप्पा न्यायला आले आणि मी निपाणीला गेले. आमच्याकडे सासुरवाशिणीला आणायला-पोचवायला जो पुरुषमाणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. माहेरचा मुराळी न्यायला येतो, परत न्यायला सासरचा येतो, दीर, चुलतदीर, कुणीतरी. नवरा कधी येत नाही. बायकोला न्यायला स्वतः येणारा नवरा म्हणजे बाईलवेडा, आणि त्यातून तो मास्तर असला तर वर्गातली पोरंसुद्धा त्याला फळ्यावर काढतील.

पंचमी झाली, आठवड्यानं भाऊजी आले. शिंकून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, चला. आईनं पाठवलंय."

"आणि तुमच्या दादांनी?"

"दादा काय बोलतोय? दादा गप्प. पण घर कसं भकास झालंय सांगू. तुमच्या याद्या कुणाला वाचता येत नाहीत. धोब्यानं आईचं लुगडं शेजाऱ्यांकडं दिलं आणि शेजाऱ्यांचं धोतर मी घालतोय."

हसू आलं. पण मी म्हटलं, "भाऊजी, चहा घ्या, जेवा, पण मी येत नाही. ज्यांच्याबरोबर नांदायचं त्यांनी यावं. एवढं सांगा."

"वहिनी, असं कुठं असतं?"

"असतं," मी म्हटलं. कुठे असतं ते सांगितलं नाही.

भाऊजी गेले आणि घरात गलका झाला. आई म्हणाली, "लई शिकलीस गं सिनेमं बगून! कुटला जावई सोता न्यायला येतो? तुझा आप्पा आलता का कवा मला न्यायला?" आप्पा दाराशी तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मला कुनी बलवलंच न्हाय." "गप बसा तुमी," आई म्हणाली.

मग बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी उचगावचे मामा आले, सासूबाईंचे थोरले भाऊ. मानाचा माणूस. त्यांना परत पाठवणं म्हणजे सासरच्या तोंडावर दार लावणं. "पोरी, म्हाताऱ्या मानसानं कोळशाच्या मोटारीत धूर खाल्लाय तुज्यापाई," ते म्हणाले. "आता गौरी-गनपती आलं. सून घरात न्हाय म्हटल्यावर गौरीला ववाळायचं कुनी?" मी त्यांच्या पाया पडले, ताट वाढलं, आणि तेच उत्तर दिलं. मामा जेवले, हात धुतले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. आप्पा त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आले आणि तसेच वखारीत गेले.

आता खेळ राहिला नव्हता. गौरी-गणपतीला सून सासरी नसली की लोक विचारत नाहीत, समजून घेतात. आमच्याच गल्लीत एक बाई होत्या, अशाच एका पंचमीला माहेरी आलेल्या आणि राहिलेल्या. त्यांचे आईवडील गेले, भावजया आल्या, भाचरं मोठी झाली, आणि त्या अजून पाहुणीसारख्या पदर सावरून भिंतीकडेला बसायच्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले. आई मला कामं सांगेनाशी झाली, ते तर सगळ्यात वाईट होतं. मी वखारीतली पोती मोजून ठेवली, आईचा माळा आवरला, मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. आवरायला काही उरलं नाही तेव्हा मला भीती वाटायला लागली. यांना यायचंच नसेल तर? सिनेमातला माणूस येतो, कारण त्याला तसं करायला सांगितलेलं असतं. यांना कोण सांगणार?

गणपतीला दोनच दिवस होते. श्रावण संपला तरी बुरबुर चालूच होती. अंगणातल्या पडवीत तंबाखू निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी माजघरात लाह्या निवडत होते. तेवढ्यात बाहेर एकदम शांत झालं. वीस बायका बोलता बोलता थांबल्या की ते माजघरात कळतं.

मी खिडकीतून पाहिलं. फाटकात हे उभे होते. डोकं उघडं. पाय अनवाणी. ओलं धोतर अंगाला चिकटलेलं, आणि हाता-कपाळाला राख लागलेली.

आज हे वाचणाऱ्या पोरांना यात काय विशेष ते कळायचं नाही. तेव्हा पुरुषमाणूस टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. उघड्या डोक्यानं, अनवाणी, ओल्या धोतरानं आणि राख लागलेल्या अंगानं, न कळवता, सासुरवाडीच्या दारात एकटा उभा असलेला जावई म्हणजे एकच गोष्ट. तो मसणातून आला आहे. आणि आमच्या बेळगावच्या घरात जाण्यासारखं वडील माणूस एकच होतं.

"कवा झालं, मास्तर?" आप्पांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सकाळी," हे म्हणाले.

आप्पांनी मुंडाशाचं टोक डोळ्याला लावलं. आईनं हंबरडा फोडला, "विहीणबाई गंऽऽ!" पडवीतल्या बायकांनी तो उचलला. यांनी आत यायला एक पाऊल टाकलं, तसे आप्पा हात वर करून म्हणाले, "आत येऊ नगा, मास्तर. तितंच थांबा, भाईर." मग मागे वळून ओरडले, "बंब पेटवा गं, अंगुळीला पानी तापवा!"

मी तिथल्या तिथे खाली बसले. सासूबाई गेल्या. दुधाचं पातेलं घासायला टाकायच्या आधी त्यातली खरवड चमच्यानं काढून वाटीत घालून त्या माझ्यापुढे सरकवायच्या, काही न बोलता, रोज. लग्न होऊन गेल्यापासून रोज. ते त्याच क्षणी आठवलं आणि मी पदर तोंडात धरून रडले. त्या घरात माझ्यावर कुणी माया केली असेल तर ती त्यांनी, आणि त्यांच्या पाठवलेल्या भावाला मी रिकामं परत लावलं होतं.

बाहेर हे उभे. यांचं काय झालं ते मला नंतर कळलं. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार वाटेत यमकनमर्डीच्या चढावर दमली. सगळ्या उतारूंनी उतरून ती ढकलली. यांची टोपी चिखलात पडून चाकाखाली गेली, चपला चिखलानं ठेवून घेतल्या, आणि कोळशाची भट्टी साफ करणाऱ्या क्लीनरनं सगळी राख वाऱ्याकडे तोंड करून उडवली. कवा झालं, असं आप्पांनी विचारलं तेव्हा हे समजले की टोपीचंच विचारतायत. आणि आत येऊ नका म्हटल्यावर यांची खात्रीच झाली की मामांना परत लावलं तसं आता आपल्यालाही लावतायत. घर आपल्या नावानं रडतंय आणि आपल्याला दारात उभं केलंय.

दुसरा कुणी असता तर मागे फिरला असता. भिंतीशी बोलणारा माणूस तो. पण तिथे भिंत नव्हती, अंगण होतं. यांनी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावला.

"माझं ऐकून घ्या! मी कुणाचा निरोप घेऊन आलेलो नाही. मला आईनं पाठवलं नाही, मामांनी पाठवलं नाही. मी माझ्या मनानं आलोय. माझ्या बायकोला न्यायला आलोय! त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. आता बोलतोय. तिला घेतल्याशिवाय मी या फाटकातून हलणार नाही!"

रडणं जागच्या जागी थांबलं. बुरबुर पाऊस तेवढा पत्र्यावर वाजत होता.

"मग," आप्पा म्हणाले, "मेलं कोन?"

"कोण मेलं?" यांनी घाबरून विचारलं.

"तुमची आई."

"आई? आई तर सकाळी खोबरं किसत होती."

पडवीत एक म्हातारी होती, तंबाखू निवडणाऱ्यांतली सगळ्यात जुनी. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आगं बायांनो, मास्तर बायकूसाटी आलाय, आनि तुमी मढं झाल्यागत रडताय! हसा की गं!" मग जे हसू फुटलं ते काही विचारू नका. वखारीतून हमाल बाहेर आले. आईनं डोळ्याला लावलेला पदर तोंडाला लावला. आप्पा एकदम खाली बसले आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले.

मी दारात आले होते. यांनी मला पाहिलं. वीस बायका, आई, आप्पा, हमाल, सगळ्यांदेखत माझा नवरा मला म्हणाला, "येतेस ना?"

काहीतरी छान बोलायला हवं होतं. सिनेमातल्या मुलीला अशा वेळी सुचतं. मी म्हटलं, "आधी अंघोळ करा. पाणी तापलंय."

आईनं यांना आप्पांचं धोतर दिलं आणि हमालांच्या मुकादमानं स्वतःची टोपी. ती कानापर्यंत यायची. जेवताना आप्पा जावयाला तूप वाढत होते आणि मध्येच घास हातात धरून हसत होते. "मास्तर, आमी कुनीच गेलतो न्हाय असं," ते म्हणाले. "चांगलं केलासा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघालो. चढावर ती पुन्हा थांबली, पुरुष ढकलायला उतरले, पण यांना मी टोपी काढून माझ्याजवळ ठेवायला लावली. ढकलून झाल्यावर हे येऊन शेजारी बसले, लागून, मध्ये काही न ठेवता. धापा टाकत होते. मी हळूच विचारलं, "कसं काय आलात?"

यांनी माझ्याजवळची टोपी घेऊन कानापर्यंत ओढली. मग म्हणाले, "मामा परत आले त्या दिवशी रात्री पडलो होतो. वाटलं, येईल आपोआप. आणि मग तो माणूस आठवला. दर शनिवारी मी त्याला गाढव म्हणायचो ना, एवढा बसून राहतो म्हणून? म्हटलं, हा तर मीच बसलोय."

त्या सिनेमांत मुराळी नसतो. तिथे दीर, मामा, चुलते कुणी मधे येत नाहीत. ज्याचं काम असतं त्यालाच शेवटी उठावं लागतं. अमेरिकेत कुठल्याशा गावात बसून ज्यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली त्यांना निपाणी ठाऊक नव्हती, पंचमी ठाऊक नव्हती. लिहिताना त्यांनाही कंटाळा आला असेल. पण त्यांनी ती एकदाच सांगितली असती तर आमच्या मास्तरांच्या डोक्यात शिरली नसती. मीही मास्तरीण आहे एका अर्थी. पाठांतराचं महत्त्व मला माहीत आहे.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई चुलीपुढे होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. यांना म्हणाल्या, "टोपी कुनाची ही?"

यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे सगळंच सांगून टाकलं. टोपी, चपला, राख, हंबरडा, बंब. भाऊजी दाराला धरून हसत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी सामान खाली ठेवून तशीच उभी राहिले. यांचं सांगून झाल्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हंजे मला मारलं म्हना निपानीत." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "कोन कोन रडलं?"

"आई रडली. आप्पांनी डोळे पुसले. वखारीतल्या बायका रडल्या."

"त्या रडायच्याच. त्यास्नी निमित्त पाहिजे. तू?"

"रडले."

"खरं?"

"खरं. पदर भिजला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, निवडायला घेतलेल्या तांदळाकडे बघावं तसं. मग पदरानं कपाळावरचा घाम पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माज्यामागं रडनारं मानूस घरात हाय, येवडं जितेपनी कळलं. लई जनांच्या नशिबात नसतं ते. बाकी तू थेटरात जा न्हाय तर आनि कुटं जा, लोकांचं मी बगते." आणि यांच्याकडे वळून, "तू काय हुबा हायस? गनपती उद्या यायचा, मखराचा पत्त्या न्हाय. विचार तिला काय काय आनायचं ते."

सवयीनं यांची मान भिंतीकडे वळायला निघाली होती, ती मध्येच परत आली.

"काय काय आणायचं गं?" यांनी मला विचारलं.